‘शॉक एकदम मक्खन आहेत’ म्हणून विकलेली आरसी बग्गी

व्हिडिओ जेमतेम बारा सेकंदांचा होता. १/८ स्केलची (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची), रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक बग्गी टेबलावर उभी आहे, दोन बोटांनी तिचा मागचा भाग दाबला जातो, गाडी खाली बसते आणि जराही न डुलता सावकाश वर येते. सोबतचा मजकूर: ‘रेस ट्यून्ड, शॉक नुकतेच रिबिल्ट, पुढे ५००, मागे ४५०, एकदम मक्खन.’ (शॉक म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे तेलभरले शॉक अब्सॉर्बर, आकडे त्यातल्या तेलाच्या दाटपणाचे, सीएसटी या एककात.) मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि बॅटरीशिवाय, म्हणजे नुसता रोलर, ३८,००० रुपयांना. घेणाऱ्याने राइड हाइट, म्हणजे गाडीच्या बुडाची जमिनीपासूनची उंची, विचारली, उत्तर आलं, त्याने पैसे यूपीआयने पाठवले. पार्सल वेळेवर आलं, गाडी फोटोतल्यासारखीच निघाली. म्हणून तर पहिले दोन आठवडे कुणालाच काही खटकलं नाही.

मुरमाच्या ट्रॅकवर मात्र गाडीचा स्वभाव बदलायचा. पाठोपाठच्या लहान उंचवट्यांवर मागची चाकं जमिनीला धरून राहण्याऐवजी टणाटण उडायची. उजव्या वळणात पुढची चाकं बाहेर सरकायची, डाव्या वळणात तीच गाडी नीट आत शिरायची. घेणाऱ्याने टायर बदलले, टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलला, मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे २ वरून उणे १ अंशावर आणला. काहीच फरक नाही. पडणार तरी कसा? खोट चारही शॉकच्या आत होती, आणि ती टेबलावर दिसणार नाही याची व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती.

शॉक उघडण्याआधी एक गोष्ट करायची, जी या गाडीच्या बाबतीत फार उशिरा झाली. शॉकचा खालचा स्क्रू काढून शॉक बाजूला करा. चाक तसंच ठेवून ए-आर्म, म्हणजे चाक धरणारा हात, वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. इथे मागचा डावा आर्म अर्ध्यातच अडकून राहिला. आर्म जिच्यावर फिरतो ती हिंज पिन काढून काचेवर लोळवली तर एका टोकाला काच आणि पिन यांच्यामध्ये फट उघडझाप करत होती. वाकलेली ४ मिमीची पिन. शॉक लावलेला असताना हे जाणवत नाही, कारण अडकणारा आर्म आणि घट्ट डॅम्पिंग हाताला सारखेच लागतात. म्हणजे व्हिडिओतल्या ‘मक्खन’मध्ये थोडा वाटा या वाकड्या पिनेचाही होता.

आता तेल. बाटलीतून काढलेल्या तेलावर नंबर लिहिलेला नसतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मेडिकलमधून एकाच कंपनीच्या ५ मिलीच्या दोन सिरिंज आणायच्या, सुया आणि दट्टे काढून टाकायचे. एकीत खात्रीचं, सीलबंद बाटलीतलं ५०० सीएसटीचं तेल, दुसरीत शॉकमधून काढलेलं. दोन्ही तेलं तासभर एकाच खोलीत ठेवलेली हवीत. मग सिरिंज उभी धरून पातळी ५ च्या रेषेवरून ३ च्या रेषेवर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळात बघायचं. दाट तेलाला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागतो. माहितीचं तेल सुमारे एका मिनिटात उतरलं, मागच्या शॉकमधल्या तेलाने चार मिनिटं घेतली. म्हणजे सांगितलं ४५०, आत २००० च्या आसपास. हे शॉकचं तेल नव्हेच, डिफरन्शियलमध्ये (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) घालतात त्या जातीचं आहे.

एवढं दाट तेल का घालायचं? झिजलेला शॉक लपवायला. शाफ्ट (शॉकमधून आत-बाहेर सरकणारा दांडा) आणि ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) झिजली की ४५० चं तेल दोन-तीन बॅटऱ्या संपेपर्यंत खालून पाझरतं, शॉकच्या बुडाशी धूळ चिकटून काळी कडी तयार होते आणि घेणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. २००० चं तेल त्याच फटीतून फार हळू पाझरतं. शॉक कोरडा दिसतो, हाताला मऊशार लागतो, गाडी विकली जाते. ट्रॅकवर मात्र चाक उंचवट्यावर आदळतं तेव्हा एवढं दाट तेल पिस्टनच्या, म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या चकतीच्या, भोकांतून वेळेत जाऊ शकत नाही. शॉक क्षणभर काठीसारखा ताठ होतो आणि चाकाऐवजी चासीच वर फेकली जाते. त्यातून कसाबसा दबलाच, तर पुढचा उंचवटा येईपर्यंत पुरता उघडत नाही. हाताने गाडी दाबणारा माणूस कधीच इतक्या वेगाने दाबत नाही, इथेच तो फसतो.

शाफ्ट सोनेरी होते, टायटॅनियम नायट्राइडचा थर असलेले म्हणून सांगितलेले. ते कधी काळी असतीलही. मायक्रोमीटरने शाफ्ट दोन ठिकाणी मोजायचा: एकदा बॉल एंडच्या (शाफ्ट आर्मला जोडणाऱ्या टोकाच्या) अगदी जवळ, जिथे तो सीलमध्ये शिरतच नाही, आणि एकदा मधोमध. इथे टोकाला ३.४९ मिमी आणि मध्ये ३.४४ निघाले. मधल्या भागावर उजेड तिरका पाडला की लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसत होत्या, बारीक पॉलिश पेपर फिरवल्याच्या. नख लागू नये एवढंच साधलं होतं. अशा शाफ्टवर नवी ओ-रिंग घातली तरी ती टिकत नाही, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

सगळ्यात हुशारीची गोष्ट पिस्टनची. मागच्या डाव्या शॉकमध्ये १.२ मिमीची ८ भोकं, उजव्यात १.३ मिमीची ६. ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून ही भोकं मोजता येतात, १.२ चा दांडा गेला आणि १.३ चा अडकला की झालं. (धारेचं टोक घालू नका, प्लास्टिक खरवडून भोक मोठं होतं.) ही दोन पिस्टन हातात सारखीच लागतात, आणि तो योगायोग नाही. हळू दाबताना तेलाचा विरोध भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. तो हिशेब केला तर दोन्ही पिस्टन तीन-एक टक्क्यांच्या फरकाने जवळपास एकच. उडीवरून पडताना, म्हणजे शाफ्ट जोरात आत जाताना, भोकांचं एकूण क्षेत्रफळ बोलायला लागतं: एकाचं सुमारे ९ चौरस मिमी, दुसऱ्याचं ८ ला किंचित कमी. म्हणजे उजवा शॉक उडीनंतर जास्त कडक. विकणाऱ्याने हे गणित करून बसवलं असेल असं वाटत नाही, हाताशी होतं ते जोडलं असावं. पण त्याचा परिणाम तोच.

उजव्या वळणाचं कोडं स्प्रिंगमध्ये होतं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांवर एकाच रंगाचा ठिपका. आता रंगाचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि नेलपॉलिश कुठेही मिळते. स्प्रिंग मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. स्प्रिंग काट्यावर उभी ठेवा, आत एक सळई, वर सपाट पट्टी. आधी ५ मिमी दाबून वजन लिहा, मग आणखी १० मिमी दाबून पुन्हा लिहा. दोन वजनांतला फरक म्हणजे १० मिमीचा भार. १/८ बग्गीच्या पुढच्या स्प्रिंगला तो ७५० ते ८५० ग्रॅमच्या आसपास सापडतो, मऊ संच घेतला तर त्याहून कमी. इथे उजवी ६९० ग्रॅम, डावी ८०५. डाव्या स्प्रिंगचं एक टोक घासून सपाट केलेलं नव्हतं, पकडीने तोडल्यासारखं होतं, आणि तिचे काम करणारे वेढे ७ ऐवजी ६. एक वेढा कापला की उरलेली स्प्रिंग ७ भागिले ६, म्हणजे साधारण १७ टक्के कडक होते. ६९० ला १७ टक्के जोडून बघा, उत्तर काट्यानेच दिलेलं आहे. तुटलेली स्प्रिंग कापून, रंगवून बसवलेली होती, आणि ती आखूड पडली म्हणून त्या बाजूची कॉलर (स्प्रिंगला वरून दाबून धरणारी आट्यांची कडी) ४ मिमी जास्त खाली फिरवलेली. त्यामुळे पट्टीने मोजलं तर दोन्ही बाजूंची राइड हाइट बरोबर २७ मिमी. उजव्या वळणात भार डाव्या पुढच्या चाकावर जातो, तिथली स्प्रिंग कडक, म्हणून पुढची पकड सुटते. दोन्ही कॉलरच्या वर दिसणारे आटे कॅलिपरने मोजले असते तर हे पहिल्याच दिवशी उघड झालं असतं.

गाडीसोबत एक ‘प्रो सेटअप शीट’ही (तेल, स्प्रिंग, कोन यांचे आकडे लिहिलेला तक्ता) आली होती, वेगळे १,५०० रुपये घेऊन. अशा शीट कंपन्या आणि चालक स्वतःच फुकट प्रसिद्ध करतात. हिच्यावर तर पृष्ठभागाच्या रकान्यात कार्पेट, म्हणजे हॉलमधला गालिच्याचा ट्रॅक, लिहिलेलं होतं! कार्पेटवर चालणारा सेटअप उन्हाळ्यातल्या मुरमावर काय कामाचा? शिवाय तापमानाचाही प्रश्न असतो. २५ अंशाला ५०० सीएसटी असलेलं सिलिकॉन तेल ४० अंशाला ३७५ च्या जवळ येतं, म्हणजे पाव हिस्सा पातळ. थंड हॉलमधला आकडा आपल्या मे महिन्यात तसाच उचलला तर गाडी बुड घासत जाते. तेल ६०० ते ६५० पर्यंत न्यावं लागतं.

जाता जाता, तेलाच्या दाटपणाचं दुसरं माप म्हणजे ‘वेट’, त्याचा घोळही लक्षात ठेवा. टीम असोसिएटेडच्या तक्त्यात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी आणि ४० वेट म्हणजे ५००, पण दुसऱ्या कंपनीचं ४० तेवढंच असेल असं नाही. आकडा सीएसटीतच मागा. आणि कुणी मोटरसायकलच्या फोर्कचं तेल ‘हेच असतं’ म्हणून भरून दिलं असेल तर ते काढून टाका. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, शाफ्ट अडकायला लागतो.

दुरुस्तीत चारही शाफ्ट, ओ-रिंगचे संच, ब्लॅडर (टोपणाखालचा रबरी पडदा), पुढच्या स्प्रिंगची जोडी, मागच्या पिस्टनची जोडी, एक हिंज पिन आणि तेलाच्या दोन बाटल्या एवढं लागलं. भरताना शाफ्टच्या आट्यांवर तेल लावूनच तो ओ-रिंगमधून घालायचा, कोरडे आटे नवी रिंग पहिल्याच फटक्यात कापतात. पिस्टन तळाशी ठेवून तेल काठापर्यंत २ ते ३ मिमी सोडून भरायचं, शाफ्ट सावकाश दहा-बारा वेळा वरखाली करायचा आणि शॉक दहा मिनिटं उभा ठेवायचा. बुडबुडे संपल्यावर शाफ्ट थोडा आत ढकलून ब्लॅडर बसवायचा, जास्तीचं तेल बाहेर येऊ द्यायचं, मग टोपण. घाई केली तर हवा आत राहते आणि शॉक दाबताना सुरुवातीला पोकळ लागतो, ‘चूक चूक’ आवाज येतो. शेवटी जोडीतले दोन शॉक स्प्रिंगशिवाय, आडवे, टोकाला टोक लावून एकमेकांवर दाबायचे. दोन्ही बरोबरीने आत गेले पाहिजेत, आणि हे आधी हळू, मग झटक्याने करायचं. वेगवेगळी भोकं असलेली पिस्टन फक्त झटक्यातच पकडली जातात.

विकणाऱ्याकडे विचारणा झाली तेव्हा त्याचं म्हणणं, गाडी जुनी म्हणूनच विकली, आणि तेलाचं तर काय, ‘ज्याची त्याची आवड’. ५०० आणि ४५० हे आकडे व्हिडिओच्या मजकुरात होते, तो मजकूर त्याने एव्हाना पुसला होता. शाफ्ट आणि पिस्टनबद्दलचं सगळं बोलणं फोनवर झालेलं. पैसे घेऊन वस्तूच आली नाही, किंवा पैसे ‘मिळण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करायला लावून खातं साफ केलं, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करून तक्रार नोंदवता येते. पण आलेल्या गाडीत तेल दाट निघालं, हे कुणापुढे सिद्ध करायचं तर हातात लिखित शब्द लागतो.

म्हणून पैसे देण्याआधी फोन न करता मेसेज पाठवा, साधारण असा: ‘नमस्कार. चारही शॉकचं तेल किती सीएसटी आणि कोणत्या कंपनीचं? पिस्टनला किती मिमीची किती भोकं, डावी-उजवी सारखी का? स्प्रिंगचा पार्ट नंबर? शाफ्ट कधी बदलले? चारही शॉक खालून सोडवून आर्म वर उचलून सोडल्याचा एक व्हिडिओ, आणि गाडी ३० सेंटीमीटरवरून सपाट सोडल्याचा एक, दोन्ही न कापता पाठवा. चारही कॉलरवरचे आटे कॅलिपरने मोजून फोटो पाठवा.’