नॅनो रीफ टाकीवरचा ऑटो टॉप-अप: अनेक महिने वापरल्यानंतरचा अनुभव, आणि त्या दहा मिनिटांचा प्रश्न

आधी निकाल सांगते. नॅनो रीफ म्हणजे प्रवाळांची छोटी खाऱ्या पाण्याची टाकी, आणि ऑटो टॉप-अप म्हणजे तिच्यातून उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी घालणारं यंत्र. ते यंत्र चांगलं आहे. पंपाचा आवाज येत नाही, सेन्सर अचूक आहे, चुंबकाची पकड घट्ट आहे. आणि त्यात एक दोष असा आहे की छोट्या टाकीतली प्रवाळं त्यापायी एका रात्रीत मरू शकतात. माझ्याकडे क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) गेला, दोन गोगलगायी गेल्या, हॅमर कोरल या प्रवाळाचं एक हेड, म्हणजे फांदीचं जिवंत टोक, गेलं. झोआ (फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे नातलग) वाचल्या, पण कितीतरी दिवस मिटून होत्या. त्यानंतर कंपनीच्या सेवा विभागाशी झालेला पत्रव्यवहार हे लिहायचं दुसरं कारण.

यंत्राची ओळख करून देत बसत नाही. ऑप्टिकल सेन्सर, डब्यातला छोटा पंप, नियंत्रक आणि नळी एवढाच संच असतो, तो तुम्ही पाहिलेला असेल. माझी टाकी चाळीस लिटरची, मागे कप्पे असलेली ऑल-इन-वन. खडक आणि वाळूने अडवलेली जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी बत्तीस लिटर. पुढचे सगळे हिशेब या बत्तीसवर आहेत. तुमचेही तसेच करा. पेटीवर छापलेला आकडा टाकीचा असतो, पाण्याचा नसतो.

पहिले काही महिने मी या यंत्रावर खूश होते. छोट्या खाऱ्या टाकीत बाष्पीभवन फक्त पाणी नेतं, मीठ मागे राहतं. माझ्याकडे दिवसाला साधारण अर्धा लिटर उडतं. तीन दिवस पाणी घातलं नाही तर क्षारता (एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ) ३५ वरून जवळजवळ ३६.७ वर जाते, आणि चौथ्या दिवशी कुणी दीड लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की धाडकन खाली येते. प्रवाळाच्या शरीरात क्षारांचा तोल राखणारी वेगळी यंत्रणा नसते. बाहेरचं पाणी पातळ झालं की पेशींत पाणी शिरतं, दाट झालं की बाहेर पडतं. तांबड्या समुद्राची क्षारता ४० च्या आसपास आहे आणि तिथे प्रवाळं उत्तम वाढतात, हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. तिथल्या प्रवाळांच्या कितीतरी पिढ्या त्याच पाण्यात वाढल्या आहेत. रोज वरखाली होणारं पाणी त्यांनाही सोसणार नाही.

टॉप-अप लावल्यावर क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची रेघ ३५ वर जी बसली ती हललीच नाही. (रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ चं प्रमाणित द्रावण घेऊन लावा. शून्यावर बरोबर दाखवणारा ३५ वर चुकीचा दाखवू शकतो.) दुसरा फायदा मला अपेक्षितच नव्हता. आल्कलिनिटीच्या (प्रवाळं सांगाड्यासाठी वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेटच्या) चाचण्यांना पहिल्यांदाच अर्थ आला. पूर्वी दीड लिटर उडालेलं असताना चाचणी केली की ८.५ चं ८.९ दिसायचं, आणि प्रवाळं काहीच खात नाहीत असं वाटायचं. पातळी स्थिर झाल्यावर कळलं, आठवड्याला जवळपास १ डीकेएच (आल्कलिनिटीचं एकक) खर्च होतंय. सांगाडा बांधताना १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम (दशलक्षात ७ भाग) कॅल्शियम जातं, तेही जुळलं. त्या आकड्यावर मी डोसिंग (हे घटक किती घालायचे ते) ठरवलं आणि हॅमरचं एक हेड फुटून दोन झाली. महागड्या दिव्याने जे झालं नव्हतं ते पाण्याची पातळी राखणाऱ्या पंपाने झालं. त्या वेळी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता त्या रात्रीबद्दल. सेन्सरच्या टोकाला काचेसारखा पारदर्शक शंकू असतो, आत इन्फ्रारेड दिवा. टोक कोरडं असेल तर प्रकाश परावर्तित होऊन आत येतो, पाण्यात असेल तर पाण्यात निघून जातो. पाणी टाकीत परत ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात बारीक बुडबुडे असतातच. एक बुडबुडा टोकाला चिकटून बसला की सेन्सर पाण्यात बुडालेला असूनही कोरडा समजतो. सकाळी पाहिलं तेव्हा अगदी हेच होतं. सेन्सर पाण्याखाली, नियंत्रकावर पाणी कमी असल्याचा लाल दिवा. बोटाने टोक पुसलं, क्षणात हिरवा झाला.

बुडबुडा चिकटण्याबद्दल माझी तक्रार नाही. समुद्राच्या पाण्यात बसवलेला कुठलाही सेन्सर कधी ना कधी फसणार. गोगलगाय चढेल, शेवाळ धरेल, मिठाचा थर बसेल. फसल्यावर यंत्र काय करतं हा खरा प्रश्न आहे. या यंत्रातला पंप सलग किती वेळ चालू शकतो याची मर्यादा कारखान्यातून ठरवलेली आहे: दहा मिनिटं. ती बदलता येत नाही.

हिशेब करू. दिवसाला अर्धा लिटर म्हणजे तासाला वीस मिलीलिटर. हा पंप मिनिटाला एक लिटर पाणी देतो. म्हणजे दर तासाला पंपाला सव्वा सेकंद काम आहे. सव्वा सेकंदाच्या कामाला सहाशे सेकंदांची मोकळीक! पेटीवर ठळक लिहिलंय की हे यंत्र वीस लिटरच्या टाकीपासून पुढे चालेल. वीस लिटरच्या टाकीत दहा लिटर गोडं पाणी ओतायची परवानगी असलेल्या वस्तूला सुरक्षित म्हणणं मला पटत नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

माझ्याकडे ती दहा मिनिटं भरलीच नाहीत. डब्यात पाच लिटर होते, ते संपले म्हणून पंप थांबला. त्यातले चार टाकीत कडेपर्यंत मावले, उरलेलं खारं-गोडं मिश्रण जमिनीवर गेलं. क्षारता ३५ ची ३१. आल्कलिनिटी ८.५ ची ७.६. कॅल्शियम ४३० चं ३८० च्या आसपास. श्रिंप आणि गोगलगायी असा झटका सोसत नाहीत. हॅमरच्या एका हेडचं मांस सांगाड्यापासून सुटून तरंगायला लागलं. समुद्रातही हेच घडतं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीला पूर आला तेव्हा केपेल बेटांभोवतीची उथळ पाण्यातली प्रवाळं गोड्या पाण्याने मोठ्या प्रमाणावर मेली होती.

दुरुस्ती कशी केली तेही सांगते, कुणाला लागेल. वरचं जादा पाणी काढून पातळी मूळ जागी आणली. लगेच मीठ घालायचा मोह होतो, पण उतरण्याचा झटका बसलेल्याला चढण्याचा दुसरा झटका द्यायचा नसतो. टॉप-अप बंद ठेवून रोज उडालेल्या अर्ध्या लिटरच्या जागी ३५ क्षारतेचं तयार खारं पाणी घालत राहिले. त्याने दिवसाला साधारण अर्ध्या अंकाने क्षारता वाढते आणि त्याच मिठातून आल्कलिनिटी, कॅल्शियमही परत येतं. आठवडाभरात ३५ झालं. सुटलेलं मांस आणि पोकळ हेड मी लगेच काढून टाकलं, कारण ते कुजायला लागलं तर शेजारच्या हेडला धोका असतो.

सेवा विभागाचं पहिलं उत्तर: सेन्सर स्वच्छ ठेवा. सेन्सर मी दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवून पुसते, तसा फोटो पाठवला. दुसरं उत्तर: तुमची टाकी फार छोटी आहे. मग पेटीचा फोटो पाठवला, वीस लिटर लिहिलेल्या बाजूचा. तिसरं उत्तर: सेन्सर हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही, आणि सुटा मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल. माझा सेन्सर बिघडलेलाच नव्हता. मी विचारत होते मर्यादेबद्दल, ते उत्तर देत होते सेन्सरबद्दल. बोटाएवढ्या सेन्सरसाठी चांगला पंप, चांगली नळी आणि चांगला नियंत्रक फेकून द्यायचा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. समुद्राची काळजी म्हणून मी प्रवाळांचे फक्त टाकीत वाढवलेले फ्रॅग (लागवडीचे तुकडे) घेते आणि त्याच टाकीसाठी प्लास्टिकचा ढीग वाढवायचा, हे माझ्याकडून होणार नाही.

नवा संच घेतला नाही. एक पैसा न घालता उपाय केला आणि तो तुम्हीही करा: डबा छोटा ठेवा. मी आता दीड लिटरची बरणी वापरते, तीन दिवस पुरते. यंत्र वेडं झालं आणि सगळं पाणी ओतलं तरी क्षारता ३३.४ च्या खाली जाऊ शकत नाही. मोठा डबा ठेवून आठवडाभर निर्धास्त राहता येतं अशी जी या यंत्रांची जाहिरात होते, ती छोट्या टाकीला लागू नाही. नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा आणि डब्यातली पातळी त्या टोकापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पंप थांबल्यावर सायफनने पाणी वाहत राहणार नाही. सेन्सरभोवती मी प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा गुंडाळलाय, गोगलगायीसाठी. बुडबुडेही त्याने कमी झाले.

टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून कॅल्शियम आणि आल्कलिनिटी दोन्ही पुरवायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, मलाही आवडते. या यंत्राबरोबर मात्र अजिबात नको. संपृक्त निवळीचा पीएच १२.४, म्हणजे अतिशय अल्कधर्मी, असतो. त्या रात्री डब्यात साधं पाणी होतं म्हणून टाकी शिल्लक आहे.

इथवर लिहून झालं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं लिहायचं ठरलं होतं. मध्येच कंपनीकडून नवा नियंत्रक आला, विनामूल्य. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की नव्या आवृत्तीत पंपाची मर्यादा एक मिनिटावर आणली आहे. मी पडताळून पाहिलं. सेन्सर हवेत धरला, पंपाचं पाणी मोजपात्रात घेतलं. मिनिटभराने पंप थांबला, दिवा लुकलुकला, बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू झाला नाही. पाणी एक लिटर भरलं. माझ्या टाकीत त्याने ३५ चं ३३.९ होईल. प्रवाळं कुरकुरतील, मरणार नाहीत. तेव्हा मत बदलते आहे. सेवा विभागाची उत्तरं वाईट होती, पण कुणीतरी आत बसून ते वाचलं आणि बदल केला, त्याचं श्रेय देते.

तरी पाच देणार नाही. वरच्या पातळीला दुसरा, वेगळ्या जातीचा सेन्सर अजूनही नाही. साधा तरंगता स्विच पुरला असता, बुडबुड्याने तो फसत नाही. आणि सुटा सेन्सर अजूनही मिळत नाही.

एक गोष्ट यंत्राची नाही, पण यंत्र घेणाऱ्याला लागणारच. दिवसाला अर्धा लिटर म्हणजे दोन महिन्यांत तीस लिटर, जवळजवळ टाकीतल्या पाण्याइतकं. टॉप-अपच्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते उडत नाही, साठत जातं. फॉस्फेट, सिलिकेट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तांबं. म्हणून आरओ-डीआयचंच (गाळून क्षार काढून टाकलेलं) पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य, आणि गाळणीतल्या रेझिनचा रंग बदलला की लगेच नवं. इथे मी काटकसर करत नाही.

घ्यायचं असेल तर जुन्या साठ्यातलं घेऊ नका. पेटीवर दोन्ही आवृत्त्या सारख्याच दिसतात, फरक नियंत्रकाच्या पाठीमागच्या चिकटपट्टीवर आहे. विकणाऱ्याला पेटी उघडून दाखवायला सांगा. नाहीतर घरी आल्यावर टाकीला लावण्याआधी सेन्सर हवेत धरून पंप किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघा. मिनिटभराने थांबला नाही तर परत करा.