क्रोमचा नवा सिलेक्ट अभ्यासिकेच्या फॉर्मला लावला, त्याचा रिव्ह्यू

नागपुरात छोट्या धंदेवाल्यांचे फॉर्म बनवत असाल आणि क्रोममधला तो नवा, हवा तसा सजवता येणारा सिलेक्ट, म्हणजे यादीतून एक निवडायचा ड्रॉपडाउन, आत्ताच लावू की थांबू असं चालू असेल तर वाचा. मी तो मानेवाड्याकडच्या एका अभ्यासिकेच्या सीट बुकिंगला लावला, आणि सफारी-फायरफॉक्सच्या रोजच्या व्हर्जनमध्ये तो आला नव्हता तेव्हाच लावला. माझं मत आधीच सांगून टाकतो, बिनधास्त लावा, पण एकच अट, ज्या ब्राउझरला यातलं नवीन काहीच कळत नाही त्याच्यात तोच फॉर्म साधा दिसून शेवटपर्यंत भरला गेला पाहिजे. ते जमत नसेल तर नका लावू, कितीही भारी दिसू द्या.

तर हे आहे काय. ड्रॉपडाउन उघडल्यावर खाली जी यादी येते ती आजवर ब्राउझर आणि फोन ठरवायचा, आपल्याला तिचा रंगसुद्धा धड बदलता येत नव्हता, ऑप्शनमध्ये चित्र टाकणं तर सोडाच. मग लोक सिलेक्ट२ सारख्या तयार कोडच्या लायब्ररी लावायचे, तिच्यासोबत जेक्वेरी ही आणखी एक लायब्ररी यायची, आणि एका ड्रॉपडाउनसाठी पेज जड व्हायचं. एप्रिल २०२५ मध्ये क्रोम १३५ आला, सोबत एजही, आणि त्यात सीएसएसमध्ये, म्हणजे पेज सजवायच्या कोडमध्ये, सिलेक्टला एकदा आणि त्याच्या पिकरला, म्हणजे उघडणाऱ्या यादीला, एकदा अपिअरन्स बेस-सिलेक्ट असं लिहिलं की पूर्ण यादी आपल्या हातात येते. ऑप्शनमध्ये चित्र टाका, दोन ओळी टाका, जावास्क्रिप्ट लागत नाही. आणि हा खरा सिलेक्टच असल्यामुळे कीबोर्डचे बाण, एस्केप, रिक्वायर्ड (निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही ते), सबमिट हे सगळं आयतं मिळतं, ते परत बनवत बसावं लागत नाही.

अभ्यासिकेला याचा फायदा काय ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोरची सीट आणि खिडकीकडची सीट यात जमीनअस्मानाचा फरक असतो, फी एकच असली तरी. एमपीएससीवाली पोरं दिवसभर तिथेच बसून राहतात, त्यांना सीट नंबर नाही, जागा कळायला पाहिजे. म्हणून मी प्रत्येक ऑप्शनमध्ये डावीकडे हॉलचा छोटासा नकाशा ठेवला, त्यात तेवढी एक सीट संत्र्याच्या रंगात, बाजूला ठळक अक्षरात ब १४, आणि खाली बारीक अक्षरात कूलरसमोर, चार्जिंग आहे, भिंतीकडे. गेलेल्या सीटा फिक्या, त्यांच्यावर क्लिकच होत नाही. अभ्यासिकेच्या काकांनी फोनवर यादी खालीवर सरकवून पाहिली आणि म्हणाले, "हे बरं केलं बेटा, आता कोणी फोन करून विचारणार नाही की पंखा कुठं आहे."

मग त्यांच्या मुलीनं तिच्या आयफोनवर उघडला. तिच्याकडे आयफोनची नेहमीची यादी आली, नकाशा नाही, रंग नाही. काका लगेच, "हिच्यात चित्र कायले नाही दिसून राहिलं?" मी तिला म्हटलं सीट निवड आणि फॉर्म पाठव. पाठवला, काकांच्या रजिस्टरमध्ये सीट बरोबर पडली. तिच्या यादीतही ब १४, कूलरसमोर, चार्जिंग आहे, भिंतीकडे हे अक्षर न् अक्षर दिसत होतं, फक्त एका ओळीत. तेवढ्यावर काकांचं समाधान झालं आणि माझंही.

हे आपोआप होतं पण पूर्ण आपोआप नाही, इथे नीट लक्ष द्या. जुना ब्राउझर ऑप्शनमधले टॅग फेकून देतो आणि नुसती अक्षरं ठेवतो, चित्र तर सरळ गायब. म्हणजे जे सांगायचं ते अक्षरात पाहिजेच, नकाशा त्याच्या वर. दुसरं, तुम्ही मजकुराचे दोन तुकडे दोन स्पॅन टॅगमध्ये एकमेकांना चिकटून लिहिले तर जुन्यात "ब १४कूलरसमोर" असं जोडून दिसतं, म्हणून मधे स्वल्पविराम आणि जागा खरोखर टाईप करा आणि नव्या ब्राउझरमध्ये तो स्वल्पविराम सीएसएसने लपवा. ते सगळं सीएसएस अ‍ॅट-सपोर्ट्सच्या आत ठेवा, म्हणजे ज्याला बेस-सिलेक्ट कळतो त्यालाच ते लागू होईल. निवडलेला ऑप्शन बटनावर दाखवायला सिलेक्टेडकन्टेन्ट म्हणून टॅग आहे, तो नकाशासकट कॉपी करतो आणि बटन उगाच उंच होतं, तिथला नकाशा काढून टाका.

"अरे बाकीचे ब्राउझर येतीलच की वर्ष दोन वर्षात" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, नागपुरातल्या महाल भागातल्या एखाद्या सायबर कॅफेत जाऊन बसा. तिथे अजून विंडोज ७ चे कॉम्प्युटर आहेत, आणि विंडोज ७ साठी क्रोम १०९ हा शेवटचा, २०२३ च्या सुरुवातीचा, त्याच्या पुढे अपडेट येतच नाही. गावाकडून आलेलं पोरगं पोलीस भरतीचा फॉर्म तिथेच भरतं आणि अभ्यासिकेचाही तिथेच भरणार. जगातले सगळे ब्राउझर तयार झाले तरी ते मशीन तयार होणार नाही, म्हणून साधा फॉर्म चालणं ही काही तात्पुरती सोय नाहीये, ते कायमचं काम आहे.

आणि हे ज्यांनी बनवलं त्यांनाही हे पटलेलं आहे याचा मला फार आनंद वाटतो. आधी याच्यासाठी वेगळा टॅगच काढला होता, सिलेक्टमेन्यू, मग त्याचं नाव सिलेक्टलिस्ट झालं, शेवटी तो सोडून जुन्या सिलेक्टलाच नवी ताकद दिली. वेगळा टॅग राहिला असता तर क्रोम १०९ मध्ये तिथे ड्रॉपडाउनच उभा राहिला नसता. असं आधी झालेलं आहे. एक्सफॉर्म्स या नव्या प्रकारच्या वेब फॉर्मचं स्टँडर्ड २००३ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने, मंजूर केलं, कागदावर जबरदस्त होतं, पण ब्राउझरला ते कळायला प्लगइन नाहीतर एक्स्टेन्शन टाकावं लागायचं, आणि साध्या माणसाच्या ब्राउझरपर्यंत ते कधी पोचलंच नाही. त्याच सुमारास वेब फॉर्म्स २ आलं, ऑपेरा ९ मध्ये २००६ लाच चालायचं, आणि त्यात एक हुशारी होती, इनपुटचा टाईप डेट लिहिला आणि ब्राउझरला कळला नाही तर तो साधा टेक्स्ट बॉक्स दाखवतो. हे पुढे एचटीएमएल५ मध्ये गेलं. डेट फायरफॉक्समध्ये यायला २०१७ उजाडलं, मॅकच्या सफारीत २०२१, तरी मधल्या वर्षांत लोकांनी तो वापरला कारण वाईटात वाईट काय तर माणूस तारीख हाताने टाईप करेल.

आता जे आवडलं नाही ते. बेस-सिलेक्ट लावला की अँड्रॉइडवर फोनची स्वतःची यादी येत नाही, यादी पेजच्या आतच उघडते. छोट्या फोनवर पन्नास-साठ सीटांची यादी कीपॅडच्या सवयीच्या माणसाला अवघड जाते, उंचीला मर्यादा घालून आत स्क्रोल ठेवला आणि प्रत्येक ओळ अंगठ्याला पुरेल इतकी मोठी केली तेव्हा कुठे बरं वाटलं. खरं सांगायचं तर आयफोनवाल्या मुलीनं अँड्रॉइडवाल्या काकांपेक्षा लवकर सीट निवडली. आणि एकापेक्षा जास्त निवडायचा मल्टिपल सिलेक्ट क्रोम १३५ मध्ये यात बसत नव्हता, दोन मित्रांना शेजारच्या दोन सीटा एकदम घ्यायच्या असतील तर मी वेगळे चेकबॉक्स दिले.

एकच सीट दोघांनी एकाच वेळी निवडली तर काय, हे सर्व्हरवरच तपासा, फिकी केलेली सीट म्हणजे फक्त दाखवायचं झालं.

माझ्याकडून पाचपैकी चार. जिथे निवडायची गोष्ट डोळ्याने बघून कळते, सीट, लॉकर, रंग, मेसचा डबा, तिथे लावा. त्याच फॉर्ममध्ये पत्त्यासाठी नागपूर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांची यादी आहे, काटोल, नरखेड, रामटेक, उमरेड, भिवापूर, ती मी साधीच ठेवली, तिथे नावच पुरतं आणि फोनची स्वतःची यादी जास्त सोपी पडते.