नीरा, कृष्णा की पवना: पुण्याहून सायकल कुठल्या खोऱ्यात न्यायची?

ताम्हिणीचं आधी उरकून टाकतो, कारण विचारणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. रस्ता रुंद, मुळशीचं पाणी उजव्या हाताला, पावसात धबधबेच धबधबे. पण तो रस्ता पुढे कोकणात उतरतो आणि जो रस्ता कुठेतरी जातो त्यावर गाड्या असणारच. जुलैतल्या रविवारी ताम्हिणीत सायकल घालणं म्हणजे गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर सायकल चालवणं. शांत रस्ता हवा असेल तर नकाशावर एकच गोष्ट बघा: रस्ता संपतो कुठे? धरणाच्या मागच्या शेवटच्या गावात संपत असेल, तर तो तुमचा.

ही कसोटी लावून पुण्याच्या आवाक्यातली तीन खोरी समोर ठेवतो. भोरच्या वरचं नीरेचं, वाईच्या वरचं कृष्णेचं आणि मावळातलं पवनेचं. तिन्हीकडे मी पुन्हा पुन्हा गेलो आहे, त्यामुळे आवडनिवड लपवणार नाही.

सर्वांत जवळचं पवना. कामशेतहून करुंज, बेडसे ओलांडून पवनानगर गाठलं की तुंग आणि तिकोना समोर उभे राहतात. धरणाभोवतीचा रस्ता सपाट नाही. छोटे पण खडे चढ एकामागून एक येतात आणि दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे निघालात तर शेवटी एक सणसणीत चढ वाट बघत असतो. देखावा तिन्हींमध्ये इथलाच सरस, हे मान्य. पण शनिवारी दुपारपासून तंबूवाल्यांची गर्दी सुरू होते. जलाशयाकाठी रांगेने तंबू, गाण्यांच्या भिंती आणि ‘साहेब, कॅम्पिंग?’ म्हणत सायकलसमोर हात करणारी पोरं. रविवारी सकाळी आठला याच रस्त्यावर रात्रभर जागलेल्या गाड्या परत निघतात. म्हणून पवना मंगळवार-बुधवारच्या पहाटेचा. सुट्टी टाकता येत असेल तर बाकी काही बघू नका. टाकता येत नसेल तर पुढे वाचा.

भोरची गोष्ट वेगळी. जुन्या कात्रज घाटातून खाली आलात की कापूरहोळपर्यंत महामार्गाच्या कडेकडेने जावं लागतं. तो भाग कंटाळवाणा आणि ट्रकच्या धुराचा. ज्यांच्याकडे गाडीला लावायचा सायकल रॅक आहे, त्यांनी सरळ भोरला गाडी ठेवावी आणि तिथून पाय मारायला सुरुवात करावी. एसटीच्या भरवशावर राहू नका. टपावर सायकल टाकायचे दिवस गेले.

भोर सुटलं की नीरा सोबतीला येते आणि नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेने रस्ता हिरडोशीकडे सरकतो. चढ असा जाणवतच नाही. नदीच्या उगमाकडे जाणारा रस्ता असाच असतो: दर किलोमीटरला थोडा थोडा वर नेतो आणि तुम्हाला वाटतं, आज पाय का चालत नाहीत? पाय ठीक आहेत, रस्ता चढतोय. येताना त्याची सव्याज परतफेड होते.

भोर ते वरंध घाटाचा माथा हे अंतर चाळीस किलोमीटरच्या पुढचं. लोक ‘वरंध घाट केला’ म्हणून छाती काढतात, पण देशावरून गेलात तर घाट म्हणावा असा चढ मिळतच नाही. माथ्यावर वाघजाईच्या देवळाशी उभं राहिलं की पायाखाली कोकण कोसळतं. खरा घाट तिथून खाली आहे. तो पायांनी मोजायचा असेल तर महाडकडून वर या. देवळाशेजारच्या टपऱ्यांवर भजी आणि चहा मिळतो, माकडं फुकट.

नीरेच्या रस्त्याची खोट एकच: तो संपत नाही, महाडला जातो. त्यामुळे माझ्या कसोटीवर तो नापास व्हायला हवा. पण पावसाळ्यात दरडींमुळे घाट वाहतुकीला अनेकदा बंद ठेवतात आणि मग हिरडोशीपर्यंतचा रस्ता आपसूक आडवाटेचा होतो. बंदी असताना अडथळा ओलांडून माथ्यावर जायचा मोह मात्र आवरा. दरड सायकल बघून थांबत नाही. रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं आहे, तेव्हा मध्येच नवाकोरा गुळगुळीत पट्टा आणि मध्येच सैल खडी अशी तयारी ठेवा. पंचवीस मिलिमीटरच्या बारीक टायरवर मी हा रस्ता केला आहे, पण खडीच्या पट्ट्यांत उतरून चाललो आहे, हेही सांगतो.

आता कृष्णा. माझं मत आधीच सांगून टाकतो: एकच खोरं निवडायचं असेल तर हे.

वाई सोडली की तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे नदीत उतरणारा घाट आणि देवळाशी टांगलेली वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा. इथे पाच मिनिटं थांबतो म्हणून बसलेला माणूस अर्ध्या तासाने उठतो. पुढे धोम, तिथलं नरसिंहाचं देऊळ, मग धरण. इथपर्यंत सहलीच्या गाड्या येतात. धरणाच्या पुढे त्या पातळ होतात आणि कमळगड दिसू लागला की जवळजवळ संपतात. बलकवडी धरण मागे टाकून जोर या शेवटच्या गावात पोचेपर्यंत दुधाची गाडी, एखादी एसटी आणि गवताचा भारा घेतलेल्या आज्जी, एवढीच काय ती रहदारी. वाईपासून जोर साधारण तीस किलोमीटर. तिथे महाबळेश्वरचं पठार भिंतीसारखं आडवं येतं. त्या भिंतीच्या माथ्यावरच कृष्णेचा उगम. वर जायला पायवाट आहे, सायकलला नाही. रस्ता संपला.

या शांततेची किंमतही मोजावी लागते. धोमनंतर पोटभर खायला मिळेल याची खात्री नाही. शेंगदाण्याचे लाडू, दोन केळी आणि दोन्ही बाटल्या भरून घेऊनच पुढे सरका. पंक्चर काढणारा तर विसराच. बलकवडीच्या पुढे एकदा माझ्या मागच्या टायरची बाजूची भिंत दगडाने चिरली. नवी ट्यूब त्या चिरेतून बेडकासारखी फुगून बाहेर यायला लागली. शेवटी बिस्किटपुड्याचा कागद चार घड्या करून आत लावला आणि अर्धीच हवा भरून वाईपर्यंत आलो. तेव्हापासून या रस्त्यावर बत्तीस मिलिमीटरच्या खालचा टायर लावत नाही. डांबर गावागणिक बदलतं आणि पाऊस संपल्यावर पहिले दोन महिने तर खड्ड्यांचंच राज्य. जाड टायरची हायब्रीड असेल तर निश्चिंत, बारीक टायरची रोडबाइक असेल तर भोरच बरं.

पावसाचंही बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाई डोंगराच्या आडोशाला, तिथे त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे जुलैत वाईच्या घाटावर भुरभुर असली तरी जोरला आभाळ फाटलेलं असू शकतं. २०२१च्या जुलैत याच तालुक्यात देवरुखवाडीवर दरड कोसळली होती. मी जोरला ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच जातो. मात्र त्याच काळात वाईच्या खालच्या अंगाला ऊसतोड चालू असते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बाजूने गेले की हँडल घट्ट धरावं लागतं, म्हणून सुरूर फाट्यावरून सायकलने वाईत न येता वाईतूनच सुरुवात करा.

वाऱ्याचं गणित तिन्हीकडे सारखंच आहे आणि नवख्यांना तेच चकवतं. ही खोरी पश्चिमेला सुरू होऊन पूर्वेकडे उतरतात. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना चढ आणि वारा दोन्ही तोंडावर, येताना दोन्ही पाठीशी. सकाळी रडायचं, दुपारी हसायचं. हिवाळ्यात वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. तेव्हा जाताना उगाच आपण फार तयारीत आहोत असं वाटतं आणि येताना उतारावरही पायडल मारावं लागतं. म्हणून थंडीत निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी राखून ठेवा. ऊन तेवढं दयाळू: सकाळी जाताना पाठीवर, दुपारी येतानाही पाठीवर.

तर हिशेब असा. पहिल्यांदाच शहराबाहेर सायकल काढत असाल, रोडबाइक असेल, मध्येच दमलात तर चहाला टपरी हवी असेल तर भोर ते हिरडोशी आणि परत. वरंधचा माथा दुसऱ्या खेपेला. पायांत चढाची रग आहे आणि आठवड्यातला मधला दिवस मोकळा आहे, तर पवना. शंभर टक्के निवांतपणा हवा, पंक्चर स्वतः काढता येतं आणि गावात कोणी ‘कुठून आला?’ विचारलं तर दहा मिनिटं बोलत थांबायची तयारी आहे, तर जोर. भातकापणीच्या दिवसांत गेलात तर भोरकडे आंबेमोहोराचा वास रस्त्यापर्यंत येतो. जोरचं पारडं त्या एका गोष्टीत हलकं पडतं.

दोन दिवस असतील तर निवड करायचीच गरज नाही. भोरहून आंबवड्याचा झुलता पूल बघत मांढरदेवीचा घाट चढायचा आणि पलीकडे वाईत उतरायचं. नीरेचं पाणी आणि कृष्णेचं पाणी यांच्यामधला डोंगर एका चढात ओलांडला जातो. मुक्काम वाईत, दुसऱ्या दिवशी पहाटे जोर. घाट चांगलाच खडा आहे, मागच्या चाकाला बत्तीस दाती कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) असेल तर मांड्या दुवा देतील. मंगळवारी आणि शुक्रवारी काळूबाईच्या दर्शनाला जीपगाड्यांची रीघ लागते, रविवारीही कमी नसते. आणि पौषातली पौर्णिमा यात्रेची, तेव्हा त्या घाटाच्या वाटेला जाऊच नका.