जुन्या फोटोतली गाडी ओळखायचीय? इमेज सर्च, नंबरप्लेट की पत्रा

घरच्या अल्बममधे असा एक तरी फोटो असतो, लग्नातला नाहीतर कुठल्या ट्रिपचा, मागे जुनी गाडी उभी आणि ती कुठली ते घरात कुणालाच सांगता येत नाही. किंवा कुणी विकायला काढलेल्या गाडीचे फोटो पाठवतं आणि म्हणतं खूप रेअर आहे. दोन्हीकडे ओळखायचे रस्ते तेच, पण भरवसा कशावर किती ठेवायचा ते वेगळं.

इमेज सर्च सगळ्यात फास्ट. बीटल, मोठी मर्सिडीज असल्या जगभर गाजलेल्या गाड्या त्यात पटकन सापडतात. घोळ होतो तो आपल्याकडे बनलेल्या गाड्यांमधे, कारण हिंदुस्तान मोटर्सची लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू ची बॉडी आणि १९५७ ची अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सिरीज थ्री, त्यामुळे नाव बऱ्याचदा इंग्लंडच्या गाडीचं येतं. घराणं कळतं, गाडी कळत नाही. पहिल्या अंदाजाला ठीक, पण तेवढ्यावर पैसे देऊ नका.

नंबरप्लेट वाचता आली तर सोनंच, पण ती उत्तर देते वेगळ्या प्रश्नाचं. १९८९ च्या आधी एमएच नव्हतं, तेव्हा बीएम म्हणजे मुंबई आणि जीडी म्हणजे गोवा. म्हणजे गाडी कुठे पासिंग झाली ते समजतं, मॉडेल नाही. आणि एक गोष्ट आधी बघा, प्लेटवरची अक्षरं उलटी दिसतायत का, कारण निगेटिव्ह उलटी लावून प्रिंट काढली असेल तर स्टिअरिंगसुद्धा डावीकडे दिसतं आणि माणूस उगाच अमेरिकन गाड्या शोधत बसतो.

माझं मत विचाराल तर खरा भरवसा पत्र्यावर, म्हणजे गाडीच्या बॉडीवर. हबकॅप, बंपर, आरसे, जाळीसुद्धा, हे सगळं बोल्टवरचं असतं आणि चाळीस वर्षांत कितीदा बदललं ते कुणाला माहीत. दरवाजा कुठून उघडतो, काच किती मोठी, मागचा मडगार्ड कसा वळलाय, हे सहसा कुणी बदलत नाही. फियाटच बघा, डुक्कर फियाट म्हणतात त्या ११००-१०३ चा पुढचा दरवाजा उलटा उघडायचा, बिजागरी मधल्या खांबावर आणि हँडल पुढच्या कडेला, नंतरच्या प्रीमियर पद्मिनीला मात्र दरवाजा नेहमीसारखा. फोटो कितीही धूसर असला तरी हँडलची जागा बहुतेक वेळा दिसतेच. लँडमास्टर की अ‍ॅम्बेसेडर हे मागून बघा, अ‍ॅम्बेसेडरच्या मडगार्डला छोटे पंख आहेत, लँडमास्टर मागून गोल. स्टँडर्ड हेरल्ड तर मला फार आवडते, कारण चार दरवाजे दिसले की विषय संपला, इंग्लंडमधे मूळ हेरल्ड बनवणाऱ्या ट्रायम्फने चार दरवाज्यांची हेरल्ड काढलीच नाही, ती आपल्या मद्रासचीच. (दोन दरवाज्यांची आपल्याकडेही होती, म्हणून उलटं अनुमान काढू नका.)

पण पत्राही एका ठिकाणी हात टेकतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, त्यातल्या प्लिमथ, डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट यांची बॉडी जवळजवळ एकच, फरक जाळीत आणि बोनेटवरच्या चिन्हात. इथे बोल्टवरचीच वस्तू बघावी लागते आणि तीच बदललेली असली तर नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणारा माणूस अंदाजच सांगतोय असं समजा.

जुन्या गॅरेजचे मेस्त्री हा चौथा रस्ता आणि त्यांनी ज्या गाड्या हाताने उघडल्यात त्यांच्याबद्दल ते सर्चपेक्षा शंभर पटीने भारी. मात्र चाळीसच्या दशकाआधीची गाडी असेल तर व्हिंटेज क्लबमधले लोक जास्त उपयोगी.

तर अल्बममधला फोटो असेल तर मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, नीट स्कॅन करा, आधी दरवाजे आणि मागचा भाग बघा, मग सर्च, मग तोच स्कॅन मेस्त्रींना दाखवा. विकत घ्यायची असेल तर मात्र बाहेरचे दहा फोटो असून उपयोग नाही, विकणाऱ्याकडून बोनेटखालच्या प्लेटचा, चॅसीवर ठोकलेल्या नंबरचा आणि आरसी बुकचा फोटो मागा, आणि तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर कितीही रेअर म्हणू दे, टोकन देऊ नका.