हायकोर्ट की आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशन? सनद हातात आल्यावरचा प्रश्न

वकिलीची सनद मिळाली की मुंबईतल्या ज्युनिअरला हा प्रश्न पडतोच: फोर्टात सीनिअरच्या चेंबरला बसायचं, की मोठ्या फर्मच्या आर्बिट्रेशन टीममध्ये, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादापुढे (पंचांपुढे) वाद लढवणाऱ्या टीममध्ये, शिरायचं? मी दोन्हीकडे काम केलंय, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

हायकोर्टातला दिवस बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघण्यापासून सुरू होतो. आपलं मॅटर चाळीस नंबरला असेल तर दिवस मागच्या बाकावर जातो आणि संध्याकाळी कळतं, मॅटर पोचलंच नाही. चिडचिड होते. पण त्याच बाकावर बसून इतरांचे युक्तिवाद फुकटात ऐकायला मिळतात. आणि एखाद्या दिवशी सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकतात, पुकारा होतो आणि तुम्हालाच उभं राहावं लागतं. न्यायमूर्तींनी विचारलेला पहिला प्रश्न आणि आपल्या घशाला पडलेली कोरड मला अजून आठवते.

आर्बिट्रेशनमध्ये उभं राहायची वेळ फार उशिरा येते. पहिली काही वर्षं कागदांत जातात. समोरच्याकडून कागदपत्रं मागायची तर रेडफर्न शेड्यूल नावाचा तक्ता करतात. त्याला चार रकाने: कोणता कागद हवा, का हवा, समोरच्याची हरकत काय, लवादाचा निर्णय काय. बांधकामाच्या एका वादात हा तक्ता भरत मी रात्री दोनपर्यंत बसलो होतो. नकाशे उशिरा मिळाले म्हणून काम रखडलं, असं कंत्राटदाराचं म्हणणं. मागवलेल्या कागदांत नकाशांची पोच निघाली, तो सांगत होता त्याच्या तीन आठवडे आधीच्या तारखेची, आणि सही त्याच्याच इंजिनिअरची. उलटतपासणी त्या एका कागदावर फिरली. ज्याला असं खोदकाम आवडतं त्याने इकडे जरूर यावं.

पैशाचं सरळ आहे. फर्ममध्ये पहिल्या महिन्यापासून पगार, चेंबरमध्ये सुरुवातीला जेमतेम प्रवासखर्च. घर तुमच्यावर चालत असेल तर फर्म निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला घाबरतात. मला वाटतं, आर्बिट्रेशन त्यांना उलट सोपं जावं. तिथे बहुतेक बाजू लेखी मांडली जाते आणि तीन लवाद तीन देशांचे असू शकतात, त्यामुळे उच्चारांकडे कोणी बघत नाही. वाक्य छोटं आणि नेमकं लागतं, बस्स.

पण एक गैरसमज मला फार खटकतो: आर्बिट्रेशन म्हणजे कोर्टापासून सुटका. तसं नाही. १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्यात, लवाद बसण्याआधी अंतरिम (तात्पुरता) दिलासा हवा तर बहुतेकदा कलम ९ खाली कोर्टातच यावं लागतं. मुंबईत झालेल्या अवॉर्डला (लवादाच्या निवाड्याला) आव्हान कलम ३४ खाली, तेही तीन महिन्यांत, फार तर आणखी तीस दिवस. परदेशातला अवॉर्ड, असे अवॉर्ड मान्य करण्याबाबतच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या आधारे, इथे वसूल करायचा, तरी कलम ४८ च्या हरकती हायकोर्टापुढेच लढवायच्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजने २००२ मध्ये कोल इंडियाविरुद्ध अवॉर्ड मिळवला आणि तो आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं अडकला. शेवटी कंपनीने दोन देशांमधल्या गुंतवणूक कराराखाली थेट भारत सरकारविरुद्ध दावा केला आणि २०११ मध्ये जिंकली. अ‍ॅमेझॉन आणि फ्युचरच्या वादातही सिंगापूरच्या केंद्राच्या नियमांखाली नेमलेल्या तातडीच्या लवादाचा आदेश इथे लागू होतो का, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच ठरवावं लागलं.

म्हणूनच सिंगापूर-लंडनच्या टीमला मुंबईचा वकील लागतो तो बहुतेकदा इथलं कोर्ट त्याला कळतं म्हणून. माझा कौल त्यामुळे स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षं हायकोर्टात काढा, आणि सीनिअर असे निवडा ज्यांच्याकडे कलम ९, ३४ आणि वसुलीची मॅटर्स येतात. २०१६ पासून मुंबईचं स्वतःचं आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशन केंद्रही आहे, तेव्हा हे काम करायला शहर सोडावंच लागतं असंही नाही.

राहिलं एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी. गेल्या वर्षी माझी एक ज्युनिअर लंडनचं ऑफर लेटर घेऊन आली. "सर, घर तारण ठेवायला बाबा तयार आहेत," म्हणाली. मी तिला थांबायला सांगितलं. शिष्यवृत्ती असती तर त्याच दिवशी जा म्हणालो असतो. पण डिग्रीबरोबर तिकडची नोकरी मिळतेच असं नाही, आणि इथे परतलेल्याला पहिल्या मुलाखतीत विचारतात ते हेच, की कलम ३४ चा अर्ज स्वतः किती वेळा लिहिलात.