६० लिटरवरून २४० लिटरवर: नव्या टाकीचा आठ महिन्यांचा अनुभव

घर बदलायचे ठरले, तेव्हा माशांची टाकीही त्याच वेळी मोठी घ्यावी, असा निर्णय मी घेतला. दोन्ही कामे एकाच आठवड्यात उरकण्याचा हा हिशेब चुकीचा होता, हे आधीच नमूद करतो. जुनी टाकी ६० सेंमी लांबीची होती. नवी १२० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद व ५० सेंमी उंच असून तिची काच १० मिमी जाडीची आहे. तिच्यासोबत स्टँड, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डबा) आणि एलईडी दिवा घेतला.

वजनाचा विचार प्रथम करावा लागला. पाणीच २४० किलो. त्यात काच, वाळू आणि दगड धरले की आकडा स्टँड वगळूनही सव्वातीनशे किलोंच्या पुढे जातो. टाकी भिंतीला लागून ठेवली, तळाखाली फोमची शीट घातली आणि स्पिरिट लेव्हलने पातळी तपासली. तरीही अर्धी टाकी भरल्यावर एका टोकाला पाण्याची रेघ चार मिलिमीटर वर दिसली. ते पाणी पुन्हा उपसून स्टँडच्या पायांखाली पट्ट्या सरकवण्यात एक संध्याकाळ गेली. परंतु काचेच्या जोडांवर वर्षानुवर्षे विषम ताण ठेवण्यापेक्षा ती गेलेली बरी.

मासे हलवणे त्यामानाने सोपे ठरले. आदल्या दिवशी खाणे बंद ठेवले, झाकणाच्या बादल्यांत टाकीचेच पाणी घेतले आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावला. दोन एंजल, चौदा निऑन टेट्रा आणि सहा कोरी, सर्व सुखरूप पोहोचले. फिल्टरचे जुने स्पंजही टाकीच्याच पाण्यात बुडवून, हवा सोडत नेले. कारण माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंज, वाळू आणि दगड यांच्या पृष्ठभागावर वस्ती करून असतात, आणि ऑक्सिजन मिळाला नाही तर ती वस्ती मरू लागते.

एवढे ठाऊक असूनही मी वाळूच्या बाबतीत घोळ घातलाच. तळाची वाळू उपसताना सडक्या अंड्यासारखा वास आला, म्हणून ती नळाच्या पाण्याखाली खळखळून, पाणी नितळ होईपर्यंत धुतली. घाण गेली, पण तिच्यासोबत वाळूवरची वस्तीही गेली. चौथ्या दिवशी सकाळी टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे लावून उभे होते आणि कल्ले भरभर हलत होते. अमोनियाच्या चाचणीच्या नळीत थेंब टाकले, तेव्हा पिवळा राहायला हवा तो रंग पाहता पाहता हिरवा झाला. त्यानंतर रोज ३० टक्के पाणी क्लोरीन घालवणारे औषध टाकून बदलले, खाणे एक दिवसाआड केले आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन रात्रंदिवस चालू ठेवला. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट वर गेले. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे शून्यावर यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तीन टेट्रा गेले. जुन्या स्पंजचा आधार नसता, तर बहुधा कोणीच उरले नसते.

फिल्टरच्या खोक्यावर ताशी १२०० लिटर असे छापले आहे. प्रत्यक्षात बाहेर येणारी नळी बादलीत सोडून घड्याळ लावले, तर दहा लिटर भरायला ४५ सेकंद लागले, म्हणजे ताशी ८००. आतला स्पंज, खालून वर चढणारे पाणी यांचा अडथळा धरता हे अपेक्षितच आहे, आणि या टाकीला तेवढे पुरतेही. आवाज जवळपास नाही; मात्र प्रत्येक सफाईनंतर आत अडकलेली हवा घरघरते आणि फिल्टर दोन-तीनदा तिरका केल्यावरच ती सुटते. एकदा झाकणाची रबरी रिंग नीट बसली नव्हती आणि मध्यरात्री स्टँडच्या कपाटात पाणी साचले. तेव्हापासून रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवतो आणि फिल्टर प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवतो.

हीटर ३०० वॅटचा एक घेण्याऐवजी १५० वॅटचे दोन घेतले, हा सर्वांत समाधानकारक निर्णय. एकाचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला, तरी तो एकटा एवढे पाणी लगेच उकळवू शकत नाही. जुन्या टाकीत दिवसरात्रीच्या तापमानात तीन अंशांचा फरक पडे, आता जेमतेम एक पडतो.

दिवा गरजेपेक्षा प्रखर आहे. दहा तास लावला, तेव्हा महिन्याभरात काचेवर हिरवे शेवाळ चढले; साडेसहा तासांवर आणल्यावर ते आटोक्यात आले. झाकणाची प्लास्टिकची बिजागरी मात्र तिसऱ्याच महिन्यात तुटली. एवढ्या वजनदार वस्तूला इतकी तकलादू बिजागरी का लावतात, ते कळत नाही.

पाणी बदलणे हे आता खरे कष्टाचे काम आहे. २५ टक्के म्हणजे ६० लिटर, पंधरा लिटरच्या चार बादल्या बाहेर आणि चार आत. महिनाभर पाठ धरल्यावर लांब नळी घेतली. पाणी बदलताना हीटर बंद करायला विसरू नये, कारण हीटरची उघडी पडलेली तापलेली काच गार पाणी लागताच तडकते.

माशांच्या वागण्यातला बदल पाहिला की ही कुरकुर मागे पडते. जुन्या टाकीत टेट्रा दोन सेकंदांत काचेपाशी पोहोचून वळत. आता उरलेले अकरा जण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थव्याने, सरळ पोहत जातात. एंजलची जोडी जावा फर्न या पाणवनस्पतीमागे आपला कोपरा राखून आहे. जुनी टाकी मी मोडीत काढली नाही. ती नव्या माशांना वेगळे ठेवण्यासाठी वापरतो आणि तिचा स्पंज एरवी मोठ्या टाकीतच बुडवून ठेवलेला असतो.