पहिली फोटॉनिक चिप: सिलिकॉन घ्यावं की सिलिकॉन नायट्राइड?

फोटॉनिक चिपचं, म्हणजे विजेऐवजी प्रकाश खेळवणाऱ्या चिपचं डिझाइन झालंय, फाउंड्रीच्या (चिप बनवून देणाऱ्या कारखान्याच्या) सामायिक वेफरवर जागा घ्यायचीय आणि गाडी अडलीय ती प्लॅटफॉर्मपाशी, म्हणजे चिप कोणत्या पदार्थात बनवायची यापाशी. बहुतेक जण आधी लॉसचा, म्हणजे वाटेत किती प्रकाश वाया जातो त्याचा आकडा बघतात: सिलिकॉनच्या वेव्हगाइडमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या पट्टीत) सेंटीमीटरला साधारण २ डीबी, नायट्राइडमध्ये ०.१ किंवा त्याहूनही कमी. माझ्या मते हा आकडा शेवटी बघावा.

आधी तरंगलांबी बघा. १.१ मायक्रोमीटरच्या खाली सिलिकॉन प्रकाश शोषून घेतं. रुबिडियमच्या अणूंसाठी ७८० नॅनोमीटरची चिप हवी असेल तर नायट्राइडच घ्या, पुढे वाचायचीही गरज नाही.

१५५० नॅनोमीटरवर काम असेल तर स्वतःला विचारा: वेगवान मॉड्युलेटर (प्रकाशावर सिग्नल चढवणारे) आणि डिटेक्टर (प्रकाश टिपणारे) चिपवरच हवेत का? हवे असतील तर सिलिकॉन. त्यात डोपिंग करून (ठराविक अशुद्धी मिसळून) पीएन जंक्शन, म्हणजे डायोडसारखा जोड बनतो, म्हणजे गिगाहर्ट्झमध्ये चालणारा मॉड्युलेटर मिळतो, आणि त्याच वेफरवर जर्मेनियम वाढवून डिटेक्टरही होतो. नायट्राइड पडलं इन्सुलेटर. तिथे सहसा धातूचा हीटर लावूनच फेज बदलावी लागते, आणि ते काम संथ. लेझर मात्र दोन्हीकडे बाहेरूनच आणायचा.

जागेच्या बाबतीतही सिलिकॉन पुढे. त्याचा अपवर्तनांक ३.४८, भोवतीच्या ऑक्साइडचा १.४४. एवढ्या तफावतीमुळे प्रकाश ५ मायक्रोमीटरच्या वळणातही निसटत नाही. नायट्राइडचा अपवर्तनांक २ च्या आसपास, त्यामुळे वळणं कित्येक पटींनी मोठी.

पण हीच तफावत सिलिकॉनला हळवं करते. २२० नॅनोमीटर जाड, ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद अशा त्या पट्टीची रुंदी १ नॅनोमीटरने चुकली, तरी रिंगचा (गोल वेव्हगाइडचा) रेझोनन्स, म्हणजे ती ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देते ती, साधारण तेवढाच सरकतो. त्यामुळे शेजारी-शेजारी काढलेल्या दोन सारख्या रिंग्जही क्वचितच एका सुरात येतात. शिवाय तापमान: रेझोनन्स दर अंशाला सुमारे ०.०७ नॅनोमीटर सरकतो. चिप टेबलावर आहे, लेझर स्वीप चालू आहे (लेझरची तरंगलांबी हळूहळू बदलतेय), खोलीतला एसी सुरू होतो आणि पडद्यावरची रेझोनन्सची अरुंद दरी डोळ्यांदेखत डावीकडे सरकू लागते. म्हणून सिलिकॉनच्या प्रत्येक रिंगला हीटर द्याच. नायट्राइडचा अपवर्तनांक तापमानाने सिलिकॉनच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा बदलतो. निव्वळ फिल्टर करायचा असेल तर हा फार मोठा दिलासा आहे.

नायट्राइड घेताना फाउंड्रीला थर कसा चढवला जातो ते नक्की विचारा. ८०० अंशांच्या आसपास एलपीसीव्हीडीने (कमी दाबाखाली वायूंपासून थर चढवण्याच्या पद्धतीने) चढवलेला थर उत्तम असतो, पण त्यात ताण असतो. जाडी ४०० नॅनोमीटरच्या वर गेली की तडे जाण्याची भीती. पीईसीव्हीडी (प्लाझ्माच्या मदतीने थर चढवण्याची पद्धत) कमी तापमानात होतं, म्हणून आधी बनलेल्या धातूच्या जोडण्यांवरही चालतं, पण थरात हायड्रोजन जास्त राहतो आणि तो १५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश खातो. तो घालवायला सुमारे १२०० अंशांवर ॲनिलिंग (थर तापवून ठेवणं) लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत धातू टिकत नाही.

काहीही निवडलंत तरी चिपच्या एका कोपऱ्यात वेगवेगळ्या लांबीचे साधे वेव्हगाइड टाका. तुमच्या चिपचा खरा लॉस त्यांच्यावरूनच कळेल.